टोमॅटोच्या रानात रब्बी बटाटा : खते-फवारण्या कमी करायच्या तर सुरुवात कुठून?

घोडकाठ

रान आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या पट्ट्यात. दीड एकर रब्बी बटाटा घ्यायचा विचार आहे, ठिबक आहे. माती तपासणीत सामू (पीएच) ७.९, सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के, स्फुरद मध्यम, पालाश भरपूर आला. सध्या त्या रानात खरिपाचा टोमॅटो उभा आहे, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत निघेल.

मागच्या रब्बीत लागूनच्या तुकड्यात बटाटा होता. लागणीला दीड एकरात ४ पोती डीएपी (नत्र-स्फुरदाचे खत), वर युरिया, दर आठवड्याला फवारणी. तरी ४५ दिवसांनंतर काही झाडे हिरवीगार असतानाच माना टाकायला लागली आणि काढणीनंतर ढिगात अळी निघाली.

चार प्रश्न आहेत. टोमॅटोमागे बटाटा चालेल का? रासायनिक खत नेमके किती कमी करता येईल? ढिगातली अळी कशी थांबवायची? घरचे बेणे ठेवले तर चालते का, की दरवर्षी पंजाबचेच घ्यायचे? जैविकच्या बाटल्यांची यादी नको, ती दुकानात मिळते. कशाने काय होते ते सांगा.

---

वाफसा

घोडकाठ दादा, खताचा हिशेब नंतर बघू. हिरवे झाड उभ्याउभ्या सुकले, हीच तुमच्या पोस्टमधली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. पाणी कमी पडून सुकलेले झाड संध्याकाळी सावरते. हे सावरत नाही आणि पाने पिवळी न पडताच मान टाकते. तुमच्या टोमॅटोत आत्ता असे झाड दिसते का ते आधी बघा.

दिसले तर बुंध्याजवळचा चार बोटे लांबीचा तुकडा धारदार चाकूने कापा. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घ्या, तुकड्याचे खालचे टोक पाण्यात जेमतेम बुडेल असा धरा आणि हलवू नका. दोन ते पाच मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधट, धुरासारखा धागा खाली उतरला तर तो जिवाणूजन्य मर, म्हणजेच बांगडी रोग. बुरशीच्या मरीत असा धागा निघत नाही. बटाट्यात बघायचे तर आडवा काप घ्या. सालीच्या आत तपकिरी कडे दिसते आणि दाबल्यावर त्यातून पांढुरके थेंब येतात. काही बटाट्यांच्या डोळ्यांना माती चिकटून राहते, झटकली तरी पडत नाही, तीही याचीच खूण.

हा जिवाणू टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा या सगळ्यांवर जगतो. म्हणून टोमॅटोमागे बटाटा नको. धागा निघाला तर अजिबातच नको, आणि नाही निघाला तरी माझे मत तेच. दोन्ही पिकांचे करपे, सूत्रकृमी, पाकोळीसुद्धा (जिची अळी बटाट्यात शिरते तो पतंग) एकच. रोगाला हंगाम न मोडता जेवण मिळते, मग फवारण्या वाढतात. तुमच्या आठवड्याच्या फवारणीचे मूळ इथेच असावे.

फेरपालट किती? मर असेल त्या रानात दोन-तीन वर्षे मका, ज्वारी, गहू, बाजरी, कांदा, लसूण, कोबी यांतले घ्या. भुईमूग टाळा, त्यालाही हा जिवाणू लागतो, हे बरेच जण विसरतात. त्या काळात रानात आपोआप उगवणारे बटाटे, कामोणी, धोतरा उपटत राहायचे. नाहीतर फेरपालट कागदावर होते आणि जिवाणू बांधाला सुखाने राहतो. एप्रिल-मे मध्ये खोल नांगरट करून ढेकळे तापू द्या.

पाण्याचा उतारही बघा. रोगट तुकड्यातून वाहून येणारे पाणी, त्याच रानातून आलेला रोटाव्हेटर, मजुरांच्या पायाची माती, याच वाटांनी तो शेजारच्या रानात जातो.

---

घोडकाठ

दोन झाडांचे तुकडे पाण्यात धरून बघितले. एकातून धागा निघाला, अगदी तुम्ही म्हणता तसा. आता त्या रानाचा विषय संपला. वरच्या अंगाला एक एकर सोयाबीन आहे, दसऱ्यापर्यंत मोकळे होईल. माती जवळपास तशीच, पालाश तिथेही भरपूर. तिथे करायचे धरून पुढचे सांगा.

---

वाफसा

वरच्या अंगाला आहे हे बरेच झाले, खालचे पाणी वर येणार नाही. खालच्या रानातली अवजारे मात्र वर नेताना धुऊन न्या. टोमॅटोत रोगट झाड दिसले की मुळाभोवतीच्या मातीसकट काढून रानाबाहेर न्या, खड्ड्यात ब्लीचिंग पावडर टाका. बांधावर टाकून ठेवू नका.

---

काकरी

बेण्याचा प्रश्न मी घेतो. दरवर्षी बाहेरचे बेणे का आणावे लागते, हे दोन गोष्टींवरून समजेल.

पहिली गोष्ट सुप्तावस्थेची. नुकता काढलेला बटाटा सहा ते आठ आठवडे कोंब धरत नाही. खरिपाचा बटाटा सप्टेंबर-ऑक्टोबरला निघतो, तो ऑक्टोबरअखेरच्या लागणीला झोपलेलाच असतो. रब्बीचा बटाटा फेब्रुवारीत निघतो, तो जूनपर्यंत ठेवायचा तर मधे आपला उन्हाळा. शीतगृहाशिवाय तो सुकतो, कोंबाळतो, अळी पडते. शीतगृहात बेण्याला २ ते ४ अंश तापमान लागते.

दुसरी गोष्ट विषाणूची. मावा एका झाडाचा विषाणू दुसऱ्याला देतो, तो कंदात उतरतो आणि पुढच्या पिढीला जन्मजातच मिळतो. पंजाबात ऑक्टोबरला लागण करून मावा वाढायच्या आत, जानेवारीच्या सुरुवातीला पाला कापतात, म्हणून तिकडचे बेणे निरोगी राहते. १०० संयुक्त पानांवर २० मावे दिसले की पाला कापायचा, असा तिकडे बेण्याच्या प्लॉटचा नियम आहे. आपल्याकडे थंडी सौम्य, मावा बहुतेक वेळ असतोच. घरचे बेणे एखादा हंगाम निभावते, नंतर पाने गोळा होतात, झाड खुजे राहते, गोळी बटाटा वाढतो. मग शेतकरी खत वाढवतो, पण विषाणूला खत लागू पडत नाही.

बेणे घेताना "पंजाबचे" एवढ्यावर जाऊ नका. बाजारात खाण्याच्या बटाट्यातून निवडलेला बारीक मालही बेणे म्हणून विकला जातो. प्रमाणित बेण्याच्या पोत्याला निळी खूणचिठ्ठी असते, पायाभूतला पांढरी. चिठ्ठी नसलेला माल घ्यायचाच तर तीन-चार पोत्यांतून मिळून शंभर नग काढा. त्यातले वीस आडवे कापा आणि वर सांगितलेले तपकिरी कडे शोधा. एकही निघाला तरी तो माल नको. बाकीचे ओले करून चोळा. मातीसारखे दिसणारे काळे ठिपके धुऊन गेले नाहीत तर ती काळ्या खपलीची बुरशी आहे. ती थोडी असेल तर बेणेप्रक्रियेने भागते.

शीतगृहातून काढलेले पोते थेट रानात नेऊ नका. १० ते १५ दिवस आधी आणून, सावलीत पण उजेड येईल अशा जागी एक-दोन थरांत पसरा. अंधारात ठेवले तर कोंब लांब, पांढरे, ठिसूळ होतात आणि लागणीत मोडतात. उजेडात ते अर्धा ते एक सेंटिमीटर, जाड आणि हिरवट-जांभळे राहतात. एकाच शेंड्याला एक मोठा कोंब आला असेल तर तो खुडून टाका, मग बाकीचे डोळे फुटतात. एका कंदाला चार-पाच खोड मिळणे हे दोन पोती खतापेक्षा जास्त कामाचे.

---

घोडकाठ

कापून लावले तर बेणे निम्म्यावर येते. तुमच्या वाचनात त्याचा धोका कितपत?

---

काकरी

तुमच्या परिस्थितीत नको. शेजारीच बांगडी रोग आहे आणि एक रोगट कंद कापलेला विळा पुढच्या कित्येक कंदांना तो देतो. शिवाय ऑक्टोबरात रान अजून तापलेले असते, त्यात कापलेली फोड सडते. २५ ते ३० ग्रॅमचा अखंड कंद घ्या.

बेणे मोठेच मिळाले आणि कापावेच लागले तर फोड २५ ग्रॅमच्या खाली नको, प्रत्येक फोडीवर दोन-तीन डोळे हवेत, आणि काप वरून खाली उभा घ्या, म्हणजे शेंड्याकडचे जोमदार डोळे दोन्ही फोडींना वाटले जातात. दोन विळे ठेवा. एक वापरात, दुसरा जंतुनाशकाच्या पाण्यात, आणि आतून डाग दिसला की विळा बदला. फोडी सावलीत गोणपाटाखाली एक-दोन दिवस ठेवून कापावर खरबरीत साल धरू द्या. राख लावायची पद्धत तुमच्या ७.९ सामूच्या रानात सोडून द्या. राख अल्कधर्मी असते आणि सालीवर खरबरीत खपल्या पडायचा रोग अशाच मातीत जोर करतो.

एक एकराला बेणे किती, याचा हिशेब अंतरावरून काढा. ६० × २० सेंटिमीटरला एकरी साधारण ३३,७०० कंद बसतात. २५ ग्रॅमने साडेआठ क्विंटल, ३० ग्रॅमने १० क्विंटल.

---

माती_तपासा

आता खत. ४ पोती डीएपी म्हणजे २०० किलो, त्यात ९२ किलो स्फुरद. दीड एकराला भागा, एकरी ६१ किलो झाला. बटाट्याची आपल्याकडची शिफारस हेक्टरी १००:६०:१२० आहे, म्हणजे एकरी ४० किलो नत्र, २४ किलो स्फुरद, ४८ किलो पालाश. अडीचपट स्फुरद तुम्ही चुनखडीच्या जमिनीत पुरून ठेवलात. तो पिकाला मिळत नाही, कॅल्शियमशी बांधला जातो, आणि वर जस्ताचीही अडचण करतो. खर्च कमी करायची पहिली जागा हीच, त्यासाठी "सेंद्रिय" वगैरे काही व्हावे लागत नाही.

पूर्ण कुजलेले शेणखत एकरी ५ टन धरू. त्यात ढोबळ अर्धा टक्का नत्र आणि तितकाच पालाश. नत्र एकूण २५ किलो, पण पहिल्या हंगामात तिसरा हिस्साच हाती येतो, म्हणजे ८ किलो. पालाश मात्र बहुतेक सगळा मिळतो, २० किलो धरा. सोयाबीनच्या मुळांचे आणि पाल्याचे ५ किलो नत्र धरले तर २७ किलो बाहेरून द्यायचे उरते. पालाश जमिनीत भरपूर आहे, म्हणून उरलेल्या २८ ऐवजी १७-१८ किलो पुरे. पण शून्यावर आणू नका. बटाटा टनामागे ५ ते ६ किलो पालाश रानातून घेऊन जातो, आजचे "भरपूर" चार हंगामांत "मध्यम" होते.

हे पोत्यात मोजले तर एकरी :
युरिया ६० किलो,
सिंगल सुपर फॉस्फेट १०० किलो (१६ किलो स्फुरद, बाकीचे शेणखतातून, शिवाय ११ किलो गंधक फुकट),
सल्फेट ऑफ पोटॅश ३५ किलो.

म्युरेट ऑफ पोटॅश हे पालाशचे दुसरे खत स्वस्त पडते हे खरे, पण त्यातला क्लोराइड बटाट्याचा घट्टपणा कमी करतो. वेफर्सवाल्यांना माल द्यायचा असेल तर सल्फेटच घ्या.

सुपर आणि सल्फेट ऑफ पोटॅश पूर्ण, युरिया ३० किलो, हे लागणीच्या वेळी कंदाच्या बाजूला चार-पाच सेंटिमीटर अंतरावर द्यायचे. खत आणि कोंब एकमेकांना चिकटले की कोंब करपतो आणि मग "बेणे खराब निघाले" अशी ओरड होते. उरलेला ३० किलो युरिया ठिबकमधून २० व्या दिवसापासून दर आठ-दहा दिवसांनी साडेसात किलो, असा चार वेळा. ५५ दिवसांनंतर नत्र बंद. उशिरा दिलेल्या नत्राने पाला हिरवा राहतो, साल कच्ची राहते आणि मावा त्या कोवळ्या पानांवर येतो.

शेणखत कुजलेले हवे, हे मी पुन्हा सांगतो कारण लोक ऐकत नाहीत. हाताला गरम लागते, वास येतो, काड्या ओळखू येतात, ते शेणखत नव्हे. त्यातून हुमणी (मुळे खाणारी अळी) रानात येते आणि खपल्यांचा रोगही वाढतो. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) वापरायचा असेल तर इथेच वापरा. १ किलो ट्रायकोडर्मा १०० किलो चाळलेल्या शेणखतात मिसळून, सावलीत, मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा इतपत ओल ठेवून आठ-दहा दिवस झाका, मधे एकदा हलवा आणि लागणीच्या काकरीत टाका. मॅन्कोझेबमध्ये बुडवलेल्या बेण्यावर ट्रायकोडर्मा चोळण्यात अर्थ नाही, बुरशीनाशकाला चांगली बुरशी कोणती ते कळत नाही.

खालच्या टोमॅटोच्या रानात पुढच्या जुलैत ताग करा. एकरी २० ते २५ किलो बी, फुलकळी दिसली की, साधारण ४५ दिवसांनी, गाडायचा. उशीर केला तर खोड लाकडासारखे होते आणि कुजताना उलट जमिनीतला नत्र ओढून घेते. गाडल्यावर दोन-तीन आठवडे थांबून पुढचे पीक. कर्ब ०.४२ वरून एका तागाने उडी मारणार नाही. पण मका आणि गव्हाचे अवशेष न जाळता तीन वर्षे हे चालले तर माती हाताला वेगळी लागते.

---

ठिबकवाला

पाण्याचे राहिले. गादीवाफे करत असाल तर मध्यापासून मध्यापर्यंत १२० सेंटिमीटर, वाफ्यावर दोन ओळी, मधे एक लॅटरल (ठिबकची नळी). ४० सेंटिमीटरवर ताशी २ लिटरचे ड्रीपर असतील तर एकरी साधारण ८,४०० ड्रीपर होतात, तासाला १६,८०० लिटर. एका एकरावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे ४,००० लिटर. म्हणजे तुमचे ठिबक तासाला ४ मिलिमीटरच्या आसपास पाणी देते. डिसेंबरात भरल्या पाल्याची गरज रोज ४ मिलिमीटरच्या आत-बाहेर. तेव्हा रोज तासभर किंवा एकाआड दोन तास. तीन तास रोज ठिबक चालू ठेवणारे खूप आहेत, ते पाणी आणि युरिया दोन्ही मुळांखाली पाठवतात, बटाट्याची मुळे वरच्या दीड-दोन फुटांतच असतात.

उगवणीपर्यंत हात आखडता. वाफसा असलेल्या रानात लागण करा, हलके पाणी, मग कोंब वर येईपर्यंत फक्त ओल टिकवा. बेणे जास्त सडते ते याच पंधरवड्यात.

२५ ते ५० दिवस सर्वांत नाजूक, गाठी धरतात. इथे ओढ बसली तर गाठी कमी, आणि खपल्यांचा रोगही याच कोरड्या काळात लागतो. ओढ देऊन मग भरपूर पाणी दिले तर बटाटा फुटतो, त्याला बगलेत दुसरा बटाटा येतो, मोठा असेल तर आतून पोकळ निघतो. पाणी थोडे चालेल, लहरी नको. काढणीच्या १० ते १५ दिवस आधी बंद.

आच्छादन घालायचे तर मातीची भर लावल्यावर, ३०-३५ व्या दिवशी. उसाचे पाचट किंवा सोयाबीनचे भुसकट चार बोटे जाडीने, वरंब्याच्या अंगावर. मातीत मिसळू नका, नत्र ओढते. वाळवीचे रान असेल तर पाचट टाळा.

---

रानमेवा

इतका हिशेब कशाला? जीवामृत (शेण-गोमूत्राचे द्रावण) आणि दशपर्णी (दहा झाडांच्या पाल्याचा अर्क) नियमित दिले तर करपा येतच नाही. रासायनिकचा एक थेंबही न टाकता बटाटा होतो.

---

वाफसा

रानमेवा ताई/दादा, रब्बीत कोरडी हवा राहिली तर करपा तसाही फारसा येत नाही आणि श्रेय दशपर्णीला जाते. सातगाव पठारावरच्या खरीप बटाट्यात ऑगस्टची झड लागू द्या, मग बोलू. उशिरा येणारा करपा १० ते २० अंश आणि ८५ टक्क्यांवर आर्द्रता मिळाली की आठवड्याभरात रान काळे करतो. जीवामृताने मातीतली हालचाल वाढते, पानावर कवच बसत नाही.

घोडकाठ दादांसाठी मुद्दा असा की दर आठवड्याला फवारायचे कारण नाही, हवा बघून फवारायचे. आधी करपा कोणता ते ओळखा. जुन्या, खालच्या पानांवर एकात एक वर्तुळे असलेले कोरडे तपकिरी डाग असले तर तो लवकर येणारा करपा. हा उपाशी, ओढ बसलेल्या झाडावर जास्त, आणि आपल्या रब्बीत बहुधा हाच असतो. पानाच्या टोकाला-कडेला पाण्याने भिजल्यासारखा डाग आणि पहाटे पानाखाली डागाच्या कडेने पांढरी लव दिसली तर उशिरा येणारा. शंका असेल तर पान पालथे, ओल्या कागदावर, झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा, लव सकाळपर्यंत दिसते.

ढगाळ, दमट हवा दोन-तीन दिवस टिकणार असा अंदाज आला की डाग दिसायची वाट न बघता संरक्षक फवारणी. मॅन्कोझेब लिटरला २ ते २.५ ग्रॅम, किंवा रासायनिक नको असेल तर एक टक्का बोर्डो. पानाच्या खालच्या बाजूला पोचले पाहिजे, भरल्या पाल्याला एकरी २०० लिटर पाणी लागते. डाग पसरल्यावर संरक्षक औषधाचा उपयोग नाही, तेव्हा सायमॉक्झॅनिल-मॅन्कोझेबसारखे आत शिरणारे मिश्रण लिटरला ३ ग्रॅम, आणि तेच तेच परत नको. हवा कोरडी झाली की पंप ठेवून द्या.

बोर्डो घरी करताना मोरचूद १ किलो ५० लिटर पाण्यात, कळीचा चुना १ किलो विरवून ५० लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या पिंपात. मोरचूदाचे पाणी चुन्यात ओता, उलटे नको, ढवळत राहा. मग घासलेला लोखंडी विळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून चुन्याची निवळी घाला, नाहीतर पाने भाजतात. त्याच दिवशी संपवा. तांबे जमिनीत साठत जाते, तेव्हा "सेंद्रिय आहे" म्हणून बोर्डोचाही रतीब नको.

---

रानमेवा

ताई म्हटले तरी चालेल. झडीचा मुद्दा मान्य. पण माव्यासाठी निंबोळी अर्क चालतो एवढे तरी मान्य करा. ५ किलो निंबोळी पावडर रात्रभर भिजवून, गाळून, १०० लिटर पाणी करून.

---

वाफसा

चालतो ताई, माव्यावर सुरुवातीलाच. कडेने मक्याच्या दोन दाट ओळी केल्या तर मावा आधी मक्यावर उतरतो, तिथे सोंड खुपसतो आणि विषाणू तिथेच सोडतो. मका बटाट्याच्या १५ दिवस आधी पेरावा लागतो.

---

काकरी

ढिगातली अळी राहिली. ती बटाट्यावरच्या पाकोळीची अळी, आणि ती ढिगात तयार होत नाही, रानातून येते. पाकोळी उघड्या बटाट्याच्या डोळ्यापाशी अंडी घालते. अळी आत शिरली की डोळ्यापाशी काळपट भुसा दिसतो. म्हणून उपाय रानातच सुरू होतो आणि बहुतेक फुकटचा असतो.

लागण ८ ते १० सेंटिमीटर खोल. २५ ते ३० दिवसांनी भर, वरंबा वीत-सव्वा वीत उंच. प्रत्येक बटाट्यावर चार बोटे माती असलीच पाहिजे. पाण्याला ओढ बसून वरंब्याला भेगा पडल्या की पाकोळीला दार उघडले, भारी रानात नुकसान इथूनच होते. तेव्हा शेवटच्या पाण्यानंतर वरंब्यावरून एकदा फिरून भेगा बुजवा. फुलोऱ्यापासून एकरी ८ कामगंध सापळे, पाण्याच्या तबकाचे, पिकाच्या उंचीला. कोपिडोसोमा कोहलेरी हा परोपजीवी कीटक मिळत असेल तर उत्तम, पण तो सोडला की कीटकनाशकाची फवारणी बंद ठेवावी लागते.

फेब्रुवारीच्या पलीकडे बटाटा रानात ठेवू नका. उन्हाचा चटका वाढला की पाकोळीच्या पिढ्या भराभर होतात. पाला आधी कापून रानाबाहेर टाका, साल पिकायला १० दिवस द्या. अंगठ्याने घासून साल निघाली नाही की काढणी. काढलेला माल संध्याकाळपूर्वी हलवा, पाकोळी रात्रीची येते. आणि ढिगावर बटाट्याचा पाला कधीही झाकू नका! सुकणाऱ्या पाल्यातल्या अळ्या थेट खाली बटाट्यात उतरतात. तुमच्या ढिगात बहुधा हेच झाले असेल.

आरण (बटाटा साठवायची झाकलेली रास) लावायची तर झाडाच्या दाट सावलीत, पाणी न साचणाऱ्या उंचवट्यावर. आधी १० ते १५ दिवस सावलीत पसरून कापलेला, फुटलेला, भोक पडलेला माल वेचून बाजूला काढा. खाली वाळलेल्या घाणेरीच्या पानांचा बोटभर थर, मग बटाटा, उंची तीन फुटांच्या वर नको, मधे हवेसाठी भोके पाडलेले बांबू उभे करा. वर पुन्हा घाणेरीचा थर आणि त्यावर फूटभर पेंढा. घाणेरीच्या वासाने पाकोळी अंडी घालायला बसत नाही. घाणेरी नसेल तर निलगिरीचा वाळलेला पाला चालतो. उजेड आत जाता कामा नये, हिरवा झालेला बटाटा खायचा नाही. अशी आरण दोन-अडीच महिने जाते, वजनात घट धरूनच भाव ठरवा.

---

घोडकाठ

बेणे मंचरलाच बघतो, निळ्या चिठ्ठीचे मिळाले तर पुखराज वाण, नाहीतर ज्योती. सोयाबीन निघाले की शेणखत विस्कटून घेतो. एकच शेवटचे : दसऱ्यानंतर लगेच लावले तर चालेल की थांबू?

---

ठिबकवाला

थांबा. रात्रीचे तापमान २० च्या खाली उतरल्याशिवाय गाठी नीट धरत नाहीत आणि गरम मातीत बेणे सडते, तेव्हा तुमच्याकडे ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते १५ नोव्हेंबर. त्याच्याही पुढे नेले तर शेवटचे २० दिवस उन्हात सापडतात आणि काकरी म्हणतात ती पाकोळी गाठते. आधीचे आठ-दहा दिवस रिकामे मिळतात त्यात ठिबक एकदा चालवून पहिल्या आणि शेवटच्या ड्रीपरखाली भांडे ठेवून पाणी मोजा. दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर लॅटरल धुऊन घ्या, नाहीतर वर केलेला सगळा युरियाचा हिशेब निम्म्याच रानाला लागू होईल.